नळीचं दुसरं टोक

सेवादासवर लिहायला मी बसलो हे पाहून शकुबाईला हसू आवरेना. शकुबाई माझी बायको. ती म्हणाली, "सेवादासभाऊवर तुम्ही ल्ह्यनार? मंग अर्धा कागद तं जळूनच जाईन." तिचं चूक नाही. सेवादासचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायला लागतं, आणि हे दुखणं छत्तीस वर्षांचं जुनं आहे. त्यावर औषध नाही हे मला कळून चुकलं आहे. तरीही लिहितो आहे, त्याला कारण आहे.

सेवादास मुकुटबनच्या पलीकडच्या तांड्यातला. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून आंध्रापर्यंत जायचा. बापाने तांड्यात जमीन केली आणि सेवादास गवंडी झाला. मी गावातल्या कुणब्याच्या घरचा. घरी कापूस, तूर, पण शेतात माझं मन कधी लागलं नाही. दहावी झालेला पोरगा मातीत कशाला राबेल, असा तोरा होता. टेंभीच्या नाल्यावर महामार्गाचा पूल बांधायचं काम निघालं तेव्हा मी तिथं गेलो. त्याच सकाळी सेवादासही आला होता.

तिथल्या मुकादमाला पाणनळीसाठी दोघे जण हवे होते. पाणनळी म्हणजे पाणी भरलेली काचेसारखी लांब नळी. तिचं एक टोक पक्क्या खुणेपाशी धरायचं, दुसरं जिथं काम चाललंय तिथं न्यायचं. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीवर थांबतं. पक्क्या खुणेपाशी उभा असलेला माणूस फक्त "आलं" म्हणतो. दुसऱ्या टोकाचा माणूस पेन्सिलने खूण मारतो. खूण मारणारा तो मिस्त्री, आणि "आलं" म्हणणारा मिस्त्रीचा माणूस. आमच्या धंद्यात एक रीतही आहे, खूण ज्याची, चूक त्याची. काम चुकलं तर "आलं" म्हणणाऱ्याला कोणी बोल लावत नाही.

मुकादमाने आम्हा दोघांकडे पाहिलं. माझ्या पायात चपला होत्या, सेवादास अनवाणी होता. अनवाणी माणूस सेंट्रिंगच्या फळ्यांवरून घसरत नाही, म्हणून मुकादमाने त्याला वर चढवलं आणि मला खाली उभं केलं. तेवढंच. त्या चपलांपायी मी पुढची छत्तीस वर्षं "आलं, आलं" म्हणत काढली.

तो पूल बांधायला अडीच वर्षं लागली. शेवटच्या दिवशी इंजिनियर साहेबांनी पुलाच्या मधोमध भरलेली कळशी उपडी करायला लावली. सेवादासने रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही कडांकडे फुटाला दोन सूत ढाळ दिला होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कळशीतलं पाणी मधोमध दुभंगलं, दोन्हीकडे सारखं वाहिलं आणि भोकांमधून नाल्यात पडलं. चिमणीला चोच ओली करायला थेंब उरला नाही. साहेब म्हणाले, हा पूल सेवादासचा. एवढं म्हणून साहेब बदलीवर निघून गेले, पण नाव तिथंच राहिलं. एसटीचे कंडक्टरसुद्धा "सेवादास पूल, चला" म्हणून माणसं उतरवू लागले. माझा तालुका बदलला, झरी जामणी झाला, गावचे सरपंच नऊ झाले, पण ते नाव काही हललं नाही. त्या दोन सुतांसाठी नळीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं, हे एकाही कंडक्टरला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून कोणी जन्मभर जळतं का. जळतं. शेजाऱ्याची म्हैस दोन शेर जास्त दूध देते म्हणून जळणारी माणसं मी पाहिली आहेत, माझ्याकडे तर अख्खा पूल होता. माझ्या घरासमोरचा ओटा मी स्वतः बांधला, नळी लावून, ढाळ देऊन. पावसाळ्यात त्याच्या कोपऱ्यात पाणी साचलं. मी तो फोडून पुन्हा केला. पाणी दुसऱ्या कोपऱ्यात साचलं. शकुबाईने त्या पाण्यात कोंबडीची पिल्लं पाणी प्यायला सोडली. शेवटी म्हणाली की सेवादासभाऊंना एकदा बोलवा. मी म्हटलं, पाणी राहू दे, पण तो येता कामा नये.

वाईट म्हणजे तो माणूसही असा की त्याच्यावर रागावायला निमित्त मिळत नाही. कामाला जायचं तर मला घेतल्याशिवाय जात नसे. कोणाचं मंदिर, कोणाची टाकी, कोणाची शाळा, सगळीकडे तो आणि मी. त्याच्या घरी सुखीबाई माझ्या ताटात भाकर वाढताना हात आखडत नसे. मी ती भाकर खायचो आणि मनात म्हणायचो, याचं एकदा तरी चुकावं. फार नाही. एकदा, चार लोकांसमोर.

पुढे पूल म्हातारा झाला. वणीकडून कोळशाचे आणि मुकुटबनकडून चुनखडीचे ट्रक त्यावरून रात्रंदिवस जात होते. खालून काँक्रीट गळायला लागलं, सळया दिसायला लागल्या. जड वाहनांना बंदीचा फलक लागला आणि त्याकडे पाहत जड वाहनं जात राहिली. मग एके दिवशी बातमी आली की पूल पाडून नवा होणार. तोही बारा दिवसांत. गर्डर, म्हणजे पुलाच्या काँक्रीटच्या लांब तुळया, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आधीच ओतून ठेवलेत, ते ट्रेलरवर येणार, क्रेनने उचलून बसवायचे आणि रस्ता सुरू.

ही बातमी ऐकली त्या दिवशी मी दोन वाट्या भात जास्त खाल्ला. सेवादासचा पूल संपणार होता. अडीच वर्षांची मिजास बारा दिवसांत उतरणार होती, आणि नव्या पुलावर ना सेंट्रिंग, ना गवंडी, ना नळी. कंडक्टर आता काय ओरडणार, एवढंच पाहायचं होतं.

पण माझ्या नशिबी सुख कुठलं. आठवडाभरात कामावरची इंजिनियर मुलगी सेवादासला शोधत तांड्यात गेली. अर्पिता तिचं नाव, वय पंचवीस-सव्वीस. जुन्या पुलाचे कागद कोणत्याच कचेरीत सापडत नव्हते. पाया किती खोल, खाली खडक कुठं लागला, हे कोणाला ठाऊक नव्हतं. सेवादासला ठाऊक होतं. त्याने बाजेवर बसल्या बसल्या मातीत काडीने रेघा ओढून तिला तिन्ही खांबांचा खडक सांगितला. नंतर खोदून पाहिलं तर वीतभरसुद्धा फरक निघाला नाही. जुने खांब खालून धड होते, ते ठेवायचं ठरलं. फक्त खांबांचे माथे कापून त्यावर काँक्रीटचे चौकोनी ठोकळे नव्याने करायचे होते, गर्डर टेकवायला. साऱ्या पुलात जागेवर ओतायचं काम तेवढंच. ते सेवादास मिस्त्रींनी करावं, असं ती म्हणाली.

सेवादास म्हणाला, करतो, पण सोबत बाबाराव पाहिजे.

बाबाराव म्हणजे मी. दुसऱ्या दिवशी हजेरीवहीत मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, "सेवादास मिस्त्री, सोबत एक." माझं नाव विचारायचीही गरज कोणाला वाटली नव्हती.

रस्ता बंद झाला आणि बारा दिवस मोजायला सुरुवात झाली. जुना पूल तारेच्या करवतीने कापला. पाणी मारत ती तार काँक्रीटमधून गुळाची ढेप कापल्यासारखी जायची. क्रेनने पहिला तुकडा उचलला तेव्हा मी पुलाकडे नाही, सेवादासच्या तोंडाकडे पाहत होतो. डोळ्यात पाणी येईल, निदान मान खाली जाईल, अशी आशा होती. त्याने तंबाखू मळली आणि म्हणाला, "पाह्य बाबा, आतली गिट्टी कशी चावून बसली हाय." वर त्या अर्पिताने कापलेल्या तुकड्यावर पट्टी ठेवून ढाळ मोजला आणि आपल्या लोकांना बोलावून दाखवला, की हे पाहा, इतक्या वर्षांनंतरही सारखा आहे. पूल पाडतानासुद्धा कौतुक त्याचंच.

चौथ्या दिवशी ठोकळ्यांचं काम आलं. पातळी पाहायची दुर्बीण त्या दिवशी लोहाऱ्याला गेली होती, संध्याकाळी येणार होती. तोवर नळीने साचे बसवून ठोकळे ओतून घ्या, मी आल्यावर तपासते, असं अर्पिता सांगून गेली. जाताना तिने नकाशा सेवादासच्या हाती दिला.

सेवादासने तो गुडघ्यावर पसरला. त्याला आकडे कळतात, इंग्रजी कळत नाही. तो मला म्हणाला, "बाबा, तुले इंग्रजी येते. पाह्य बरं, याच्या माथ्याले ढाळ द्याचा हाय, का सपाट ठेवाचा?"

मी वाचलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की ठोकळ्यांचा माथा सपाट ठेवावा, रस्त्याचा ढाळ गर्डरमध्येच धरलेला आहे. मी दोनदा वाचलं. मग नकाशाची घडी घातली आणि म्हणालो, "दोन सूत ढाळ दे. तुह्या हातचा पूल हाय, ढाळाबिगर कसा शोभन?"

तो म्हणाला, मलाही तसंच वाटतं.

मी काही पूल पाडायला निघालो नव्हतो. माझा हिशेब साधा होता. संध्याकाळी दुर्बीण येईल, चूक सापडेल, ती पोरगी चार लोकांसमोर त्याला बोलेल, ठोकळे फोडून पुन्हा करावे लागतील. अर्धा दिवस जाईल. एवढंच. छत्तीस वर्षांत एकदा त्याची मान खाली गेलेली मला पाहायची होती. मी पक्क्या खुणेपाशी नळी धरून उभा राहिलो आणि दर वेळी "आलं" म्हणत राहिलो. मधल्या एकेका ठोकळ्यावर दोन गर्डर शेजारी-शेजारी टेकायचे होते, त्यांना सेवादासने मध्यापासून दोन्हीकडे ढाळ दिला. त्याचा हात इतका सारखा की पाहत राहावं.

संध्याकाळी दुर्बीण आली. अर्पिताने प्रत्येक ठोकळ्याच्या बरोबर मधे पट्टी उभी धरून उंची तपासली. मधली उंची केसाइतकीही चुकली नव्हती. कडेला पट्टी धरायचं तिच्या मनात आलं नाही, कारण सपाट ठोकळ्याची कड आणि मध्य एकच असतात. तिने सेवादासला शाबासकी दिली. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी उघडणं त्याहून कठीण झालं, आणि तिसऱ्या दिवशी तर मी पाठदुखीचं निमित्त करून घरीच पडलो. शकुबाईने पाठ शेकून दिली. पाठीला काही झालं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी ट्रेलर आले. बघायला मुकुटबनचा अर्धा बाजार लोटला होता. मधले दोन गर्डर आधी बसवायचे होते. पहिला बसला. दुसरा त्याच्याशेजारी उतरवला. खालच्या बाजूने दोघे ठरल्या अंतरावर बसले, पण वर बोटभर फट जास्त दिसायला लागली. एक डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे. दोघांना जोडणाऱ्या सळया एकमेकांत बसेनात. क्रेन थांबली.

आधी लोहाऱ्याला फोन गेला की गर्डर वाकडे ओतलेत काय. तिकडून उत्तर आलं की मापं तपासून पाठवलीत, तुमचं तुम्ही पाहा. मग कंपनीचा मोठा माणूस गाडीतून उतरला. त्याने सगळ्यांसमोर अर्पिताला विचारलं की दुर्बिणीतून नेमकं काय पाहिलं तिने. ती वहीतल्या उंच्या दाखवत होती. तो ऐकत नव्हता. यवतमाळला परत जा, तुझ्या जागी दुसरं माणूस मागवतो, असं तो बोलला. पोरीने वही मिटली आणि मान खाली घातली. मी नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन दहा पावलांवर उभा होतो. मला हवी होती तशी खाली गेलेली मान माझ्यासमोर होती, पण ती भलत्याच माणसाची होती. मी वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

सेवादासने एक गर्डर पुन्हा उचलायला लावला. खांबावर चढला. पिण्याच्या बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं आणि ठोकळ्यावर ओतलं. पाणी सरळ एका कडेला गेलं आणि खाली पडलं. त्याने उकिडवं बसून त्या ओल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग वरूनच त्याने विचारलं, "मॅडम, हे सपाट पाह्यजे होतं काय?"

ती म्हणाली, "हो काका. ढाळ गर्डरमध्येच आहे."

सेवादास खाली उतरला, मोठ्या माणसासमोर जाऊन उभा राहिला.

"मंग चूक माही हाय," तो म्हणाला. "मॅडमची नाई, गर्डरची नाई. खूण म्या मारली."

मोठ्या माणसाने विचारलं, की ढाळ द्यायला कोणी सांगितलं होतं.

मी डोळे मिटले. आता माझं नाव येणार. खोटं कशाला सांगू, भीतीच्या बरोबरीने मला आतून एक प्रकारची ओढही वाटली. येऊ दे एकदाचं, निदान असं तरी येऊ दे.

"कोनी नाई," सेवादास म्हणाला.

त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

ठोकळ्यांचे माथे छिन्नीने उतरवून लवकर घट्ट होणाऱ्या मसाल्याने सपाट करून घेतले, या खेपेला चारी कडांना पट्टी धरून. दोन दिवस वाया गेले. बाराऐवजी चौदाव्या दिवशी रस्ता सुरू झाला. अर्पिता कामावर राहिली. सेवादासला मात्र चूक निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं की मिस्त्री, आता तुम्ही आराम करा. हजेरीवहीतून त्याचं नाव गेलं आणि त्याच्याबरोबर "सोबत एक"सुद्धा. बाजारात लोक बोलू लागले, की सेवादासचा हात आता राहिला नाही, नजर गेली त्याची. ज्यांच्या घराचे पाये त्याने धरले होते तेच बोलत होते. त्या उन्हाळ्यात त्याला एकही काम आलं नाही. मी जे छत्तीस वर्षं मागत होतो ते सगळं मिळालं होतं, आणि मला जेवण जात नव्हतं.

शेवटी एके दिवशी मी तांड्यात गेलो. सेवादास अंगणात विळ्याला दगडावर धार लावत होता. सुखीबाईने चहा दिला. चहा संपेपर्यंत मी तुरीच्या भावाबद्दल बोललो. मग म्हणालो, त्या दिवशी मी कागद वाचला होता. त्यात सपाट लिहिलं होतं. मी तुला खोटं सांगितलं.

त्याने विळ्याची धार अंगठ्याने तपासली. वाटलं, आता फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

"तू सांगतलं होतं काय?" तो म्हणाला. "असन बाप्पा. मले याद नाई."

मी म्हणालो की तूच मला विचारलं होतं, मीच म्हणालो होतो ढाळ दे. मी सांगितलं नसतं तर तुझं नाव गेलं नसतं.

तो हसला. "तुह्या सांगन्यावरून म्या आजवर कधी ढाळ देल्ला काय, बाबा? माहा हातच तसा जाते." आणि मग सुखीबाईला आवाज देऊन म्हणाला, बाबाला जेवायला थांबव.

मी थांबलो नाही. नव्या पुलावरून परत आलो. त्याला खरंच आठवत नव्हतं, का माझी लाज राखायला तो तसं बोलला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण दोन्हीकडून मीच मेलो. आठवत नसेल तर चूकही पूर्ण त्याची, तिच्यातही मला वाटा नाही. आणि आठवत असेल तर त्याचं मन एवढं मोठं, की त्या मनाचाही मला हेवाच वाटतो. त्याच आठवड्यात मी एसटीने वणीला गेलो. पुलावर नवाकोरा फलक आहे, त्यावर नाल्याचं नाव आणि नंबर. पुलापाशी गाडी थांबली आणि नवीन लागलेला कंडक्टर ओरडला, "सेवादास पूल, चला."

घरी येऊन लिहायला बसलो, शकुबाई हसली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. कागद वाचल्यापासून विळ्यापर्यंत. तिने माझ्याकडे पाहिलं, तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, "मंग ल्ह्या तुम्ही. बाजारात वाचून दाखवा. त्या मानसाची नजर गेली नाई हे लोकाइले कळू द्या."

म्हणून लिहिलं. सेवादास मिस्त्रीचा हात चुकला नाही, नजरही गेली नाही. त्याने विचारलं होतं आणि त्याला खोटं सांगण्यात आलं. हजेरीवहीत ज्याला "सोबत एक" लिहिलं आहे, त्याने सांगितलं. त्याचं नाव बाबाराव संभाजी ढवस.